झाकणाची साक्ष

आदरणीय भाऊसाहेब,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात शांपूच्या बादलीतून काढून, नीट पुसून, मगच जोडले आहेत.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि वहिनींना झोप लागते का, ते कळवावं. इकडे सगळे ठणठणीत आहेत, गाडी धरून. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही दर वाक्याला ‘बरं, बरं’ म्हणता आणि मी मुद्द्यावर आलो की फोन वहिनींच्या हातात देता. पत्राला तसं करता येत नाही.

आधी या गाडीसाठी मी स्वतःच्या हाताने काय काय केलं ते ऐका, म्हणजे पुढे झालेल्या अन्यायाचं वजन कळेल. जुन्या टेबलफॅनची जाळी कापून बादलीच्या तळाशी बसवली, म्हणजे हातमोजा पिळला की माती जाळीखाली जाऊन बसते आणि पुन्हा वर येत नाही. (अशा दोन बादल्या आहेत, एक शांपूची, एक नुसत्या पाण्याची, आणि त्यांची अदलाबदल आमच्या घरात गुन्हा आहे.) झाडांवर औषध मारायच्या पंपाचं तोंड बदलून फेस उडवायचं यंत्र केलं. लेकीच्या बंद पडलेल्या हेअर ड्रायरची मोटर बदलली, आता तो आरशांच्या खाचांमधलं पाणी उडवतो. चार पाइप आणि जाड कापड घेऊन गाडीवर सावली उभी केली, कारण फिल्म लावलेली गाडी उन्हात धुवायची नसते, शांपू जागच्या जागी वाळून डाग धरतो. यातलं काहीही मी कुणाकडून शिकलेलो नाही.

फिल्म म्हणजे काय हे तुम्ही विसरला असाल. मोबाईलच्या काचेवर लावतो तसला पारदर्शक पापुद्रा, फक्त अख्ख्या गाडीला, रंगावर ओरखडा येऊ नये म्हणून. मी तो लावून घेतला तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, “गाडी वाचवायला रंग, रंग वाचवायला प्लास्टिक, आणि प्लास्टिक वाचवायला कोण?” त्या दिवशी सगळे हसले म्हणून उत्तर द्यायचं राहिलं. प्लास्टिक वाचवायला मी आहे. पाण्याचा जोर फिल्मच्या कडेवर थेट पडू देत नाही, कारण कड एकदा उचलली की तिच्याखाली धूळ बिऱ्हाड करते. पक्ष्याची घाण ओल्या फडक्याखाली भिजवतो आणि अलगद उचलतो, घासत नाही. पाणी पुसत नाही, टिपतो. पुसणं आणि टिपणं यातला फरक मी लेकीला प्रात्यक्षिकासह दाखवला आहे. (ती म्हणाली, “बाबा, मी बाळ असताना मला इतकं टिपलं होतं का?” मुलं हल्ली काहीही विचारतात.)

तर एवढं करूनही यंदा बॉनेट पिवळं पडलं. नुसतं बॉनेट. दरवाजे पांढरे, छत पांढरं, डिकी पांढरी, आणि समोर हे. हसताना नेमका पुढचाच दात किडका दिसावा तशी गाडी दिसायला लागली. मी गाडी घेऊन फिल्मवाल्याकडे गेलो. त्याने खुर्चीतून न उठता, काचेतूनच पाहिलं आणि म्हणाला, “काका, धुण्यात चूक आहे.” (काका म्हणे. त्याचे स्वतःचे केस मी गाडी टिपतो तितक्याच काळजीने विंचरावे लागतील इतकेच उरलेत.) त्याचं म्हणणं असं, की मी उन्हात आणि कडक साबणाने धुतो, सबब वॉरंटी नाही. पण ओळखीखातर तो अर्ध्या किमतीत नवीन फिल्म लावून देईल. अट एकच, फिल्म चुकीच्या धुण्याने खराब झाली असं लिहिलेल्या कागदावर मी सही करायची. विचार करायला आठवडा दिला.

तुमची बहीण म्हणाली सही करा. लेक म्हणाली, “सही करा आणि आम्हाला जगू द्या.” तुम्हीही फोनवर म्हणालात, “करून टाका, अर्ध्यात सुटताय.” भाऊसाहेब, प्रश्न अर्ध्याचा नव्हताच. माझ्याकडे पदवी नाही, हुद्दा नाही. एक गोष्ट नीट येते असं मी मानत आलो, ती मला येत नाही हे मीच लिहून द्यायचं? असा कागद एकदा कुणाच्या कपाटात गेला, की मी पुन्हा कुठल्या तोंडाने बादली भरणार?

मुदत संपायच्या सकाळी मी मागच्या बाल्कनीत डोकं धरून बसलो होतो. तिथे आमचं वॉशिंग मशीन असतं, दिवसभर उन्हात. मशीन चालू होतं आणि झाकण माझ्या डोळ्यांसमोर थरथरत होतं. पांढरंशुभ्र. आणि मला आठवलं की गाडीचं काम झालं त्या दिवशी फिल्मची कापून उरलेली पट्टी मी दुकानातून मागून आणली होती (ते लोक ती फेकतात, यावर मी एकदा वेगळं पत्र लिहीन), आणि ती याच झाकणावर बसवली होती. तोच दिवस, तेच दुकान, त्याच्याच सांगण्याप्रमाणे तोच रोल.

मी उठून पेचकस आणला आणि झाकण उतरवायला लागलो. मशीन मधेच बंद पडलं. तुमची बहीण आली.

“काय करताय?”

“पुरावा नेतोय.”

“आत माझ्या चादरी भिजतायत.”

“न्यायाला थोडा वेळ लागतो.”

“मग मीही येते. तुम्ही एकटे गेलात तर झाकण तिथेच विसराल.” आणि ती ओल्या हातांनी गाडीत बसली. ओल्या हातांनी दाराला धरून. मी काही बोललो नाही, यावरून माझी मनःस्थिती ओळखा.

दुकानात मी झाकण बॉनेटवर उभं धरलं. फिल्मवाला आता खुर्चीतून उठला. म्हणाला, हे घरात असणार, याला ऊन कुठलं. तुमची बहीण म्हणाली, “ऊन? तिथे चादर तासाभरात वाळते. आज वाळायची नाही, ते यांच्यामुळे.” मग त्याने विचारलं, हे धुता कशाने?

“धुवायचंय काय त्यात? उरलेलं पाणी ओतते आणि यांचा जोडी हरवलेला मोजा असतो, त्याने घासते. ब्लीच सांडलं तर पुसते. घाईत असले तर राहतं तसंच.”

भाऊसाहेब, ब्लीच. मी बसवलेल्या फिल्मवर. एरवी मी तिथेच तासभर बोललो असतो, पण त्या क्षणी ते ब्लीच माझी वकिली करत होतं, म्हणून गिळलं. फिल्मवाल्याला एवढंच विचारलं, “ही अशी धुऊन पांढरी, ती तशी धुऊन पिवळी. आता सांगा, चूक कशात?” मागे एका गाडीच्या दाराला फिल्म लावत बसलेला कारागीर मान वर न करता म्हणाला, “साहेब, यांच्या बॉनेटला रोल संपला होता ना, तो दुसरा स्वस्तातला लावला होता आपण.” फिल्मवाल्याने त्याच्याकडे असं पाहिलं, की तिथे फिल्म असती तर पिवळी पडली असती.

बॉनेटला नवीन फिल्म लागली, फुकट, माझ्या देखत. फिल्मवाला सहीचा तो कागद फाडायला निघाला होता, मी फाडू दिला नाही. त्याच्या मागच्या बाजूला ‘यांच्या धुण्यात कसलीही चूक नाही’ असं लिहून घेतलं. सही झालीच, पण त्याची. फ्रेम मी घरीच केली, दिवाणखान्यात लावली आहे. तुम्ही याल तेव्हा बसायची खुर्ची बरोबर तिच्यासमोर आहे.

वहिनींना नमस्कार सांगावा.

आपला,
(आता लेखी) निर्दोष

ता. क. झाकण घाईत उतरवताना त्याची खिटी तुटली. खिटी नसली की मशीनला झाकण उघडंच वाटतं आणि ते चालत नाही. सध्या धुणं होईपर्यंत मी झाकण दाबून उभा असतो. तुमच्याकडे याच कंपनीचं जुनं मशीन पडून आहे, त्याची खिटी काढून कुरिअरने पाठवा. पार्सलवर नाव माझंच घाला. तुमच्या बहिणीला मी सांगितलंय की खिटी मी घरी बनवतोय.

आणखी एक, हे वहिनींनाही वाचून दाखवू नये. निघताना तुमची बहीण पुढे जाऊन गाडीत बसली, तेव्हा फिल्मवाल्याने झाकणाच्या चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, हे बसवलं कुणी? एकही बुडबुडा नाही, असे कोपरे माझ्या माणसांनाही जमत नाहीत. मी म्हटलं, मी. मग तो म्हणाला, झाकण दुकानात ठेवून जा, गिऱ्हाइकांना दाखवायला. तुमची बहीण वर्षभर नवीन मशीन मागते आहे, आणि ते केवढ्याला येतं हे मला पाठ आहे. त्याने झाकणाचे रोख पंचवीस हजार देऊ केले, म्हणजे बरोबर तेवढेच. मी नाही म्हटलं.