मोत्याचा उजवा ओठ

सोमवार, १२ नोव्हेंबर १९७९. सायंकाळी सव्वासहा. मोत्यासाठी दुधात भाकरी कुस्करत होतो.

अण्णा वारल्यापासून हा कुत्रा त्यांच्या रिकाम्या खाटेकडे बघून गुरगुरायचा. आई म्हणे, "अभद्र आहे मेला. द्वारका चौकापलीकडे सोडून ये." मी म्हणायचो, दात दुखत असेल. तसंच निघालं. काल जनावरांच्या डॉक्टरांनी हलणारी दाढ काढली, दात पुसले. म्हणाले, "हिरड्या पार सोलल्यात. राखुंडी कोण घासतं रे याला?"

अण्णाच. स्वतःचे दात झाले की तेच बोट मोत्याच्या दातांवरून फिरवायचे. तो उजवा ओठ वर उचलून निमूट बसायचा.

आज गुरगुर थांबली. आई म्हणाली, "राहू दे मग." मला केवढं हायसं वाटलं!

पण मघाशी मोत्या खाटेपाशी गेला, शेपटी हलवली आणि उजवा ओठ वर उचलून बसला. कुणासाठी? हाक मारली तरी हलेना. आला तेव्हा दात काळे. बोट लावून पाहिलं. राखुंडीच. पण अण्णांची डबी तर मी केव्हाच फेकली आहे.

आईला कळलं तर ती त्याला ठेवणार नाही. ओल्या फडक्याने दात पुसून टाकले. उद्याही पुसावे लागतील का?