दाराशी आलेलं पोर

मंगळवार, ११ जून
नातवाचा डावा अंडकोष काढावा लागला. तेरा वर्षांचं पोर! पुढे लिहवत नाही.

बुधवार, १२ जून
आज नीट लिहितो.
काल छोटू शाळेत गेला नाही. 'पोट दुखतंय' एवढंच म्हणाला. सून पहाटेच कामावर गेलेली, घरात आम्ही दोघंच. जेवायला हाक मारली तर भडाभडा ओकला. मी गरम पाण्याची पिशवी दिली, कुशीवर निजवलं — मोठा धन्वंतरीच लागून गेलो! पेपरातली आरोग्याची कात्रणं वर्षानुवर्षं चिकटवतोय, त्या बळावर. दुपार अशीच गेली.
संडासला उठला तेव्हा पाय फाकवून चालत होता. हाताला धरून थांबवलं. 'नक्की कुठे दुखतंय रे?' मान खाली. 'आजोबा… खाली.' पाहिलं तर एक बाजू सुजून लाल, वर ओढल्यासारखी. तसाच टॅक्सीत घातला.
डॉक्टरीणबाईंनी तपासलं नि लगोलग ऑपरेशनला घेतलं. नंतर म्हणाल्या, 'आतल्या आत पीळ बसतो, रक्त जायचं थांबतं. दुखायला लागल्यापासून पाच-सहा तासांत आणलं असतं तर पीळ सोडवून बहुधा वाचवला असता. आता काळा पडला होता.' दुसऱ्या बाजूला टाके घालून ठेवलेत, म्हणजे तिथे पीळ बसायचा नाही. 'या वयाच्या मुलाचं पोट एकदम दुखलं, उलटी झाली, तर खालीही बघायचं. घरगुती उपाय नाहीत, वाट बघणं नाही. थेट इस्पितळ!'
सून मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवार, १४ जून
छोटू घरी आला. निघताना बाईंनी त्याला समजावलं — एकावर सगळं नीट चालतं, दाढी-मिशा येतील, पुढे मुलंबाळंही होतील. 'म्हणजे स्टेपनी होती तर!' म्हणाला गुलाम. सगळे हसलो.
घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडला. नळ सोडला म्हणून का ऐकू येत नाही?

शनिवार, १५ जून
जेवण गेलं नाही.

रविवार, १६ जून
एकच किडा डोकं पोखरतोय. त्याचा बाप गेल्यापासून मीच याला न्हाऊमाखू घातलं. आणि पोर मलाच लाजलं? इतका कसा परका झालो मी?

मंगळवार, १८ जून
आज धीर करून विचारलंच. 'लाजलास होय रे माझ्याजवळ?'
'लाजलो नाही, आजोबा. सकाळी उठल्या उठल्या कळ आली तेव्हा तुमच्या दाराशी आलो होतो. पण तुम्हाला हार्ट अटॅक आल्यापासून आईने बजावलंय ना — आजोबांना घोर लागेल असं काही सांगायचं नाही. म्हटलं, आई येईपर्यंत कळ काढू.'