कूलरमधला दयाळ

३ एप्रिल

"किंचाळतेस काहून वं? तिचंबी घर हाय हे." पारशिवनीची आत्या म्हणाली होती. मी सहा-सात वर्षांची, समोर भिंतीवर पाल. इतक्या वर्षांनी तेच वाक्य माझ्या नव्या चित्रांच्या पुस्तकाच्या पहिल्या घडीवर लिहिलं.

पानं उलटायची नाहीतच. एकच लांब पट्टी, घड्या घातलेली. उघडली की हॉलभर पसरते — आमची प्रताप नगरची गल्ली! एक घडी म्हणजे एक घर. त्या घरात माणसांशिवाय कोण राहतं, तेवढंच काढायचं. सिंधूताईंकडे मुंगूस. भैरवीच्या कुंपणावर गुळवेल. तिची पानं शाई लावून थेट कागदावर उठवली. एकेक शीर उमटली. मी नुसती बघत बसले.

आमचीच घडी कोरी. आमच्याकडे कोण आहे?

५ एप्रिल

बाबांची बायपास होऊन आठवडा झाला. धंतोलीच्या हॉस्पिटलमधून त्यांचा फोन — सूनबाई, कूलर लावून ठेवजो, घरी आलो की मले माझ्याच खोलीत झोपायचं आहे.

नवऱ्याने, मुकुंदने, बाबांच्या खिडकीतल्या कूलरची वाळ्याची ताटी काढली आणि मला हाक मारली. "तुझ्या पुस्तकातलं कोणी येऊन राहिलं बघ."

बंद पंपावर घरटं. दयाळाचं! काड्या, मुळ्या, आणि त्यात गुंडाळलेला एक लांब पांढरा केस. माझाच! अंडी फिकट निळसर-हिरवी, वर तपकिरी ठिपके. असे ठिपके मी ब्रश झटकून कितीदा करून पाहिलेत. जमले नाहीत कधी.

६ एप्रिल

पारा बेचाळीसवर. मुकुंद म्हणाला, "बाबा गुरुवारी येऊन राहिले, अन् तू अंड्यांचं सांगून राहिली." बरोबरच आहे त्याचं. डॉक्टरांनीही खोली थंड ठेवा म्हणून सांगितलंय.

मी म्हटलं, बाबांना आपल्या खोलीत झोपवू, तिथला भिंतीत बसवलेला छोटा कूलर चालतो. तो हसलाच. आई गेल्यापासून, हे हॉस्पिटल सोडलं तर, बाबा एक रात्र त्या खोलीबाहेर झोपलेले नाहीत. शेजारी आईंचा पलंग तसाच. त्याची चादर रोज स्वतः झटकतात. मागच्या उन्हाळ्यात झाडताना मी तो जरासा सरकवला, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

ठरलं. बाबा यायच्या आत घरटं काढायचं. मुकुंद काढणार.

दुपारी आमची घडी रंगवून टाकली. सुंदर झाली. मग लक्षात आलं — घरटं मोडणार आहे म्हणून आधी चित्र उरकून घेतलं मी!

७ एप्रिल

मादी उठतच नाही. एवढ्या उन्हात, पत्र्याच्या पेटीत, चोच उघडी टाकून बसलेली.

८ एप्रिल

मुकुंद सकाळी स्टूल घेऊन गेला. तो परत येईना. जाऊन पाहिलं तर मोबाइलचा उजेड आत धरून उभा. पिल्लं निघालेली! डोळे मिटलेले, अंगावर पीस नाही. कातडी इतकी पातळ की आतली धडधड दिसते. एवढ्याशा जिवात केवढी घाई ती!

तो खाली उतरला, ताटी हळूच परत लावली. स्टूलवर बसून राहिला.

"माझ्यानं नाही होणार," म्हणाला. "तूच बोल बाबांशी."

हे चित्र नाही काढलं. हात गेलाच नाही.

९ एप्रिल

बाबा आले. चपला काढल्या न काढल्या, थेट आपल्या खोलीत. आईंची चादर झटकली, बसले. मग विचारलं — कूलर?

चहा ठेवलाय. तो घेऊन जाईन आणि म्हणेन: बाबा, पिल्लं उडेपर्यंत आमच्या खोलीत चला. आईंचा पलंगही नेऊ. तुम्ही सांगाल तसा, तुमच्याशेजारीच लावू.

नाहीच म्हणतील.