ऑक्सिजन कमी पडला तर

९ डिसेंबर
सोडियमची खूण Na. S का न्हाय? विचारलंच मी. चिंतामणी सर खूश! "लॅटिन नाव नॅट्रियम. अशीच विचारत जा."

दिवसा सरांच्या घरचा स्वयंपाक, त्यांची औषधं. जमेल तेव्हा सर मला दहावीचं विज्ञान शिकवतात. दोनदा नापास झाले मी. उर्वीताईंनी – सरांच्या मुलीनं – मला मैंदर्गीहून इथं सोलापूरला आणलं. माझे आप्पा म्हणाले, "मेंढरामागं फिरण्यापरास बरं की. पास हून ये."

१४ डिसेंबर
सर सकाळी चुकले. पाण्याचं सूत्र HO लिहिलं. मी म्हटलं, "सर, हायड्रोजन दोन की." सारी हयात केमिस्ट्री शिकवलेला माणूस!

१५ डिसेंबर
थंडी लई. डोकं ठणकतंय. संयुजा काही शिरत न्हाय.

२० डिसेंबर
अंघोळ करून आले आणि सदऱ्याची बटणं लावता येईनात सरांना. मला म्हणाले, "पद्मजा, चहा ठेव." पद्मजा म्हणजे त्यांची बायको. वारून वर्षं झाली!

ताई दाराआड रडत होत्या. "विसरण्याचा आजार दिसतोय गं. पुढच्या महिन्यात मोठ्या डॉक्टरांकडं नेऊ."

पण संध्याकाळी तेच सर मला अणूची रचना काढून दाखवतात. एक रेघ चुकत न्हाय. सकाळी एक माणूस, संध्याकाळी दुसराच. भीती वाटते.

२३ डिसेंबर
आज अंघोळीनंतर मलाही चक्कर. ताई कपाळाला बाम चोळूनच कॉलेजच्या ऑफिसला गेल्या. या घराला झालंय काय?

२८ डिसेंबर
आज ज्वलन शिकवलं. गॅस जळतो म्हणजे एका कार्बनला दोन ऑक्सिजन मिळतात. डावीकडं जेवढे अणू, उजवीकडं तेवढेच. एकही हरवत न्हाय.

मी विचारलं, "आणि ऑक्सिजन कमी पडला तर?"

"मग कार्बन एकावर भागवतो. मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही. माणसाचं डोकं दुखतं, मन भ्रमतं, मग झोप लागते..."

बोलता बोलता थांबले. बाथरूमकडं मान वळवली.

"पूनम, गॅसचा गिझर आतच आहे ना गं आपला?"

आतच आहे. आणि कबुतरं येतात म्हणून खिडकीला दिवाळीत पक्की काच बसवलीय.

२९ डिसेंबर
ताईंना आधी पटेना. "बाबा, निम्म्या सोलापुरात असाच गिझर आहे." पण फोन केला. दुरुस्तीवाला म्हणाला, "संक्रांतीची गड्ड्याची जत्रा होऊ द्या मॅडम, मग येतो." तोवर सरांचं पाणी मी शेगडीवर तापवायचं. ताईंना सकाळी घाई. "मी गिझरचेच दोन तांबे अंगावर घेऊन लगेच बाहेर येते गं."

५ जानेवारी
सर बरे होताहेत! सकाळी सकाळी मला समीकरण घातलं, स्वतः तोंडी सोडवलं, वर माझी चूक काढली. ताई स्वयंपाकघरात येऊन माझ्या गळ्यात पडल्या. "आजार नव्हताच गं! नुसती हवा होती!"

मला मात्र चैन न्हाय. ताई आत गेल्या की दारापाशी घुटमळते. "ताई!" म्हणून हाक मारते. आतून हसून ओरडतात, "जिवंत आहे गं!"

असं बोलू नये माणसानं.

१३ जानेवारी
भोगी. ताई म्हणाल्या, "आज केस धुवायलाच हवेत." केस कमरेपर्यंत. शेगडीवर एकीकडं भाजी, दुसरीकडं तवा.

"थांबा की ताई. भाकऱ्या झाल्या की पाणी ठेवते."

"आजच्या दिवसानं काय होतंय!"

हाक मारली. "जिवंत आहे गं!" तीळ लावून भाकरी तव्यावर टाकली. परत हाक मारली. नळ चालू होता. नुसता नळ.

कडी आतून. सरांनी आणि मी मिळून दार मोडलं. सरांनी आधी गिझर बंद केला, मग ताईंना ओढून बाहेर हवेत आणलं. सगळं बरोबर केलं सरांनी. काहीसुद्धा चुकले न्हाईत.

उशीर झाला होता.

२१ जानेवारी
आप्पा न्यायला आले. सरांकडं बघितलं आणि म्हणाले, "ऱ्हा तू हितंच."

२ फेब्रुवारी
सरांना मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. म्हणाले, आठवण ठणठणीत आहे, आता काही विसरणार नाहीत.

रिक्षात सर बोलले, "पूनम, त्या विसरण्यातच बरा होतो गं मी."