क्रमांक सात

४ फेब्रुवारी

चि. फूटपट्टी यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

पन्नाशी उलटलेल्या माणसाला अजून फूटपट्टी काय म्हणायचं, असं तुझी बायको मागच्या खेपेला म्हणाली होती. पण पावाचे दोन तुकडे फूटपट्टी लावून करणारा तूच आणि उरलेला चुराही वाटून घ्यायला निघालेला तूच. आता नाव बदलणं माझ्या हातात राहिलेलं नाही.

परवा मी तुझ्या कार्यालयात येऊन गेले. वैद्यकीय संशोधनाला हातभार लावणाऱ्या ना-नफा संस्थांना सरकार यंदापासून अनुदान देणार आहे, तर माझ्या लेकीच्या नावानं काढलेल्या आपल्या प्रतिष्ठानाचा अर्ज खिडकीवर दिला. पोच मिळाली, क्रमांक सात. अर्ज आलेल्या क्रमानं तपासतात आणि तरतूद असेपर्यंत मंजूर करत जातात, असं खिडकीवरच्या बाईंनी समजावलं. काचेपलीकडे तू दिसलास. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मान खाली. मी हाक मारली नाही.

सांगायचं ते हे, की माझ्या अर्जासाठी तू काही करायचं नाहीस. कुणाच्या कानावर घालायचं नाही, वर सरकवायचा नाही. बाबा पोस्टमास्तर असताना त्यांनी आईलाही खिडकीपुढे रांगेत उभं केलं होतं, ते सगळं गाव कौतुकानं सांगायचं. आपण त्यांचीच मुलं.

गरज मात्र खरी आहे, ती लपवत नाही. देणगीदारांचे पैसे जूनपर्यंतच पुरतील. लेकीला झाला तोच स्नायूंचा आजार असलेली सव्वीस मुलं दर तीन महिन्यांनी लांबून लांबून येतात. रुग्णालयाच्या मागच्या बाजूला तीस मीटरांची गल्लीसारखी वाट आहे, जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्यात. एकेका मुलानं तिथे सहा मिनिटं चालायचं. संशोधक बाई घड्याळ धरतात, मी टोकाला स्टुलावर बसून फेऱ्या मोजते. औषधाशिवाय हा आजार कसा आणि किती वेगानं पुढे जातो ते नीट समजलं, तरच उद्या एखादं औषध आलं तर त्यानं काय फरक पडला ते सांगता येईल. म्हणून मोजणीत खंड पडता कामा नये. दोन वर्षं झाली, तीन राहिली.

त्यांतली एक अकरा वर्षांची पोर आहे, तिला सगळे टकळी म्हणतात. चालताना बोलायचं नाही असा नियम आहे, दम लागतो. सहा मिनिटं गप्प राहणं ही तिला चालण्यापेक्षा मोठी शिक्षा वाटते. शेवटची शिट्टी वाजली की साचलेलं सगळं एका दमात ओतते. मागच्या मोजणीला मला विचारत होती, की मी फेऱ्या मोजताना ओठ का हलवते, तेही बोलण्यातच धरायला हवं.

वहिनीच्या गुडघ्याचं कसं आहे ते कळव. सगळ्यांना मायेचा हात.

तुझी,
ताई

•

२० फेब्रुवारी

ती. ताईस,

कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. हिच्या गुडघ्याला उतार आहे, जिना मात्र अजून एकेक पायरी करून चढते आणि प्रत्येक पायरीवर घरमालकाचा उद्धार करते.

मी मान वर केली नाही, कारण तू खिडकीशी आल्याचं मला पोचपावतीच्या शिक्क्याआधीच दिसलं होतं. राग मानू नकोस. त्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्यानं थट्टेत विचारलं, की या बाई तुमच्या माहेरच्या का. मी म्हटलं, माहेर बायकांना असतं. सगळे हसले, विषय संपला. मी मात्र दिवसभर त्या टेबलाकडे पाहायचं टाळलं.

अर्जांची छाननी माझ्याच टेबलावर होते, हे तुला ठाऊक असेल किंवा नसेल. आता यापुढे निकाल लागेपर्यंत मी तुला पत्र लिहिणार नाही आणि तूही लिहू नकोस. उद्या कुणी बोट दाखवायला नको. अर्ज गहाळ होणार नाही एवढं बघेन. त्यापलीकडे माझ्याकडून काही होणार नाही, ते तूच मागितलंयस.

तब्येतीला जप. स्टुलावर उशी घेत जा.

तुझा,
भाऊ

•

२ जुलै

चि. भाऊ यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू घातलेला निर्बंध मी पाळला. आता निकाल लागला, तेव्हा लिहिते.

काल तुमचं पत्र आलं. आमचा अर्ज सर्व बाबतींत पात्र आहे, तथापि यंदाची तरतूद संपल्यामुळे विचार करता येत नाही, असं त्यात आहे. खाली सही तुझी नाही, वरच्या कुणाची तरी आहे. तुझी असती तर अक्षर पाहून जरा बरं वाटलं असतं, असं मनात येऊन गेलं.

मी तक्रार करत नाही. नुसतं समजून घ्यायचंय. डोळ्यांच्या संशोधनाला मदत करणाऱ्या एका संस्थेचे सचिव माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना अनुदान मिळालं. आनंदानं सांगत होते, आपला एकोणिसावा नंबर असूनही मिळालं म्हणून. मी त्यांचं अभिनंदन केलं आणि घरी येऊन पोच काढून पाहिली. सातच आहे. सातापर्यंत पुरलं नाही आणि एकोणिसापर्यंत पुरलं, हे कसं, ते मला कळत नाही. मीच कुठे कागद कमी दिला असेन तर तसं सांग.

संशोधक बाईंनी दुसरीकडे नोकरी धरली. त्यांचा दोष नाही, त्यांच्यामागे घर आहे. जाताना घड्याळ माझ्या हातात देऊन गेल्या. मुलांच्या येण्याजाण्याचा खर्च आता आपल्याकडून होणार नाही, म्हणून जुलैच्या मोजणीला येऊ नका, असं मी सव्वीस घरांत कळवलं. टकळीच्या आईला फोन केला तर फोन टकळीनंच उचलला. एप्रिलमध्ये ती दोनशे अडतीस मीटर चालली होती, त्याआधी दोनशे साठ. ऑक्टोबरला तरी बोलवाल ना, असं तिनं विचारलं. मी हो म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं, ते मलाच ठाऊक नाही.

सवडीनं लिही, पण खरं लिही.

ताई

•

१५ जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

हे पत्र चौथ्यांदा लिहायला घेतलंय. आधीची तीन फाडली, कारण त्यांत मी नियमांच्या आड लपत होतो.

तुझा कागद एकही कमी नव्हता. इतका नीट लावलेला अर्ज त्या गठ्ठ्यात दुसरा नव्हता. तू अर्ज दिलास त्या आठवड्यात मी तो सातव्या जागेवरून काढला आणि गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला, नवे अर्ज आले तरी तळाशीच ठेवत गेलो. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला विचारलं नाही. मनाशी म्हटलं, बहिणीचा अर्ज सगळ्यांत शेवटी पाहिला की कुणाला तोंड उघडायला जागाच उरणार नाही. तरतूद सगळ्यांना पुरेल असा माझा अंदाज होता. एकेचाळीस अर्ज आले. तरतूद तिसाव्यालाच संपली. तुझा एकेचाळिसावा होता, मी केलेला.

खरं तर नियम साधा होता. नातं असेल तर लिहून द्यायचं आणि तो अर्ज शेजारच्या टेबलावर सोपवायचा. दोन ओळींचं काम. पण लिहून दिलं असतं तर कार्यालयात चर्चा झाली असती, आणि ती मला नको होती. तीस वर्षं माझ्याबद्दल कुणी शब्द काढलेला नाही, याचा मला फार अभिमान आहे, ताई. तो जपायला मी तुझ्या मुलांची वाट बंद केली.

सरळपणा म्हणून केलं असं मी आजवर स्वतःला सांगत होतो. तुझं पत्र वाचल्यावर ते जमेना. तुला तोंड दाखवायची लाज वाटते.

भाऊ

•

२८ ऑगस्ट

भाऊ,

आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. आधी रागानं लिहिता येईना, मग राग ओसरल्यावर रडूही येईना, लिहवेनाही असं झालं.

वर सरकवू नकोस असं मी तुला बजावलं होतं. खाली ढकल असं म्हटलं नव्हतं. जागेवर राहू दे, एवढंच माझं मागणं होतं. परकी बाई असते तर माझा सातवा नंबर सातवाच राहिला असता. तुझी बहीण होते म्हणून गेला.

आणि त्या गोष्टीतलं आपण नेहमी गाळतो तेही आज लिहून टाकते. बाबांनी आईला रांगेत उभं केलं, हे खरं. पण आई त्या दिवशी आपली आपण आधीच रांगेत उभी होती, तिसरी. मी तिचा पदर धरून होते, तू कडेवर होतास. बाबांनी खिडकीतून पाहिलं आणि खूण करून तिला शेवटी जायला सांगितलं. लोकांनी वाहवा केली. तिचा नंबर आला तोवर खिडकी बंद व्हायची वेळ झाली. मामाच्या आजारपणासाठीच्या पैशांचं पाकीट होतं तिच्या हातात, ते दुसऱ्या दिवशी गेलं. घरी आल्यावर ती पाय गरम पाण्यात घालून बसली. मी हे तुला कधी सांगितलं नाही. उलट वाहवावाली अर्धी गोष्ट तुला शंभरदा सांगितली, याही फेब्रुवारीत पुन्हा लिहिली. तेव्हा तुझ्या चुकीत माझाही वाटा आहे, तो मी घेते. पण माझा वाटा घेतल्यानं तुझा कमी होत नाही.

टकळीची आई भेटली. पोर जिना चढताना पडली, पाय प्लास्टरमध्ये आहे.

ताई

•

१२ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, हे फक्त कळवण्यासाठी.

मी झालेलं सगळं साहेबांना लेखी दिलं. क्रम माझ्या हातानं बदलला, कारण काय, कधी, सगळं. चौकशी झाली, ठपका बसला, तो माझ्या नोंदीत कायमचा राहील. टेबलही बदललं. आता मी जुने कागद जपण्याच्या खोलीत बसतो. बायको म्हणाली की निवृत्तीला दोन वर्षं असताना हे कशाला उकरलं, आणि मग तिनंच माझा डबा रोजच्यापेक्षा मोठा भरला.

तुमच्या अर्जाचा मूळ क्रमांक मान्य झालाय. जानेवारीपासून अनुदान सुरू होईल, तसं पत्र तुला वेगळं येईल. यात मेहेरबानी कुणाची नाही, तो तुमचाच नंबर होता. जुलै आणि ऑक्टोबर मात्र परत आणता येत नाहीत. मी रोज ते दोन महिने मनात मोजतो.

आईच्या पाकिटाचं मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर वेगळा वागलो असतो, असं म्हणायचा मोह होतो. पण तसा वागलो असतोच, असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही.

एक विचारतो. पुढच्या मोजणीला येऊन फेऱ्या मोजल्या तर तुला चालेल का? नको असेल तर तसं सांग.

तुझा,
भाऊ

•

३० जानेवारी

चि. भाऊ यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम लांबवलं. आधी मोजणी होऊन जाऊ दे म्हटलं.

झाली. अनुदान आलं, संशोधक बाईही परत आल्या. नव्या नोकरीत मन रमलं नाही म्हणतात. वाटेवरच्या पट्ट्या निघाल्या होत्या, त्या मी गुडघ्यावर बसून पुन्हा चिकटवल्या. सव्वीसपैकी एकोणीस मुलं आली. पाच घरांनी आता यायचं नाही असं कळवलं, दोन नुसतीच आली नाहीत.

टकळी आली, चाकांच्या खुर्चीतून. पायाचं हाड जुळलं, पण पायावर उभी राहिली नाही ती नाहीच. अनुदान वेळेवर मिळालं असतं तर ती चालत असती, असं मुळीच नाही, आणि तू तसं मनात आणू नकोस. एवढंच, की तिचं शेवटचं चालणं कुणी मोजलं नाही. दोनशे अडतीसनंतर तिच्या तक्त्यात दोन रिकाम्या जागा आहेत आणि मग बाईंनी लिहिलं, चालता येत नाही. मधे काय झालं, कोणत्या महिन्यात झालं, तिच्यामागून येणाऱ्या पोरांना उपयोगी पडेल असं काहीच त्यातून आता निघणार नाही.

मी तिला म्हटलं, तुला आता गप्प राहायचा नियम नाही, हवं तेवढं बोल. तिनं माझ्या हातातलं घड्याळ मागून घेतलं. माझ्या स्टुलाशेजारी बसून तिनं सहा मिनिटं लावली आणि समोर दुसरी पोरगी चालत होती तिच्याकडे बघत राहिली. सहा मिनिटं ती एक शब्द बोलली नाही. मग शिट्टी वाजवली, घड्याळ परत दिलं आणि म्हणाली की मी एक फेरी कमी मोजली. खरंच कमी मोजली होती. माझं लक्ष फेऱ्यांकडे नव्हतं.

तेव्हा माझ्या जागी कुणीतरी हवं आहे. एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी मोजणी आहे. ये. मुलं ओळीनं बसतात, तिथेच तूही बस. पुढे पुढे करू नकोस आणि शेवटीही जाऊन बसू नकोस. आपल्या नंबराला ये.

माया होती तेवढी आहे, थोडी दुखते अजून.

तुझी,
ताई