ट्रकच्या मापाची वाट

नाना, गेला मंगळवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. वेळ नीट लिहून ठेवते, कारण तक्रारीत आधी वेळ असावी असं कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलं, आणि त्या शिकवणीची फी तुम्ही भरलीत. त्या वेळी तुमचे जावई शर्टाची सगळी बटणं लावून, बूट घालून, चाकाच्या खुर्चीत दारात बसले होते. लकवा होऊन त्यांना आता वर्ष होत आलं. उजवी बाजू गेली, बोलणं बरंचसं गेलं. आठवड्यातून तीनदा त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात न्यायला गाडी येते आणि वाटेच्या तोंडाशी उभी राहते. मंगळवारीही ती आली. पण आमच्या दारापुढे शेजाऱ्याचा सहाचाकी टेम्पो उभा होता, केळीच्या क्रेटांनी भरलेला, पिवळ्या नंबरप्लेटचा. दोन्ही बाजूंना जेमतेम दीड फूट जागा. आडवी होऊन मी निघाले असते, खुर्ची निघत नव्हती. शेजारी मोटरसायकलवर कुठे गेला होता, किल्ली त्याच्या खिशात, फोन उचलेना. दवाखान्याच्या गाडीवाल्याने बराच वेळ हॉर्न वाजवला आणि दुसरा पेशंट आहे म्हणून निघून गेला. मी खाली बसून ह्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. दुसऱ्या बुटासाठी त्यांनी डावा पाय आपणहून पुढे केला.

तुम्हाला ही वाट ठाऊक आहे. तुम्हीच आखलीत. जळगावात आम्ही हा प्लॉट घेतला तेव्हा तुम्ही धुळ्याहून ट्रक घेऊन आलात, भरलेला नाही, रिकामा, आणि कडेला चुन्याच्या फक्कीची पिशवी. शेजारचा प्लॉट तेव्हा एका शाळामास्तरांचा होता. तुम्ही त्यांना गळ घातली की पाच फूट तुम्ही सोडा, पाच फूट माझी लेक सोडेल, दोघांची दारं मधल्या वाटेवर उघडा. मास्तर म्हणाले, "नाना, आपल्याकडे सायकली आहेत. सायकलीला एवढी वाट कशाला?" तुम्ही ट्रक मोकळ्या प्लॉटवर मागे घेतलात, खाली उतरून दोन्ही चाकांच्या बाहेरून हातभर जागा सोडत फक्की मारलीत, आणि हात झटकत म्हणालात, "मास्तर, सायकल जास तठे ट्रक नही जात. ट्रक जास तठे बठ्ठं जास." ट्रक जातो तिथे सगळं जातं, हे ऐकून मास्तर हसले आणि कबूल झाले. गवंडी, मजूर, मी, सगळे हसलो. कुणाच्या डोक्यात आलं नाही की जिथे ट्रक जातो तिथे ट्रक थांबतोसुद्धा.

मास्तर गेले, त्यांच्या मुलांनी घर विकलं. रावेरकडचं एक कुटुंब आलं, नवरा-बायको आणि त्याची आई. तो रात्री केळी भरून पहाटे घरी येतो, मोटरसायकलवर बाजारात जाऊन भाव ठरवतो, मग माल नेतो आणि संध्याकाळी रिकामे क्रेट घेऊन परत येतो. माणूस वाईट नाही, हेच माझं दुखणं आहे. वाईट असता तर केव्हाच निस्तरलं असतं. तुमच्या जावयांना तीन पायऱ्या उतरवायच्या असतात. दवाखान्याचा गाडीवाला म्हणतो, माझी कंबर गेलीय, मी एकटा उचलणार नाही. पायऱ्यांवर उतार बांधावा म्हटलं, तर तो माझी अर्धी वाट ओलांडून शेजाऱ्याच्या भागात जातो. तेव्हा ह्यांना उचलतो कोण, तर हाच. लुंगी वर खोचून येतो, "चला काका, आज पोरी बघायला जायचंय ना," म्हणतो, आणि भाताचं पोतं उचलावं तसं नाही, नाना, तान्हं मूल उचलावं तसं उचलतो. ह्यांच्या तोंडाची डावी बाजू तेव्हा हसते. वाट अडवणारा तोच आणि वाट पार करून नेणारा तोच.

बुधवारी मी महापालिकेत गेले. तिथल्या साहेबांनी आधी विचारलं, "गाडी रस्त्यावर आहे की आवारात?" म्हटलं, आवारात. "मग आमचा विषय नाही." मी म्हटलं, निवासी वस्तीत धंद्याच्या गाड्या उभ्या करायला नियम असेल ना काही. ते म्हणाले, "आहे ना. पण सामाईक जागा असेल तर अर्जावर दोन्ही मालकांच्या सह्या लागतात." मी विचारलं, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचीही? ते म्हणाले, "सामाईक म्हटल्यावर त्याचीही." मी म्हटलं, चोरी झाली की चोराची सही घेऊन येत जाऊ का? शेजारच्या टेबलावरची मुलगी खाली मान घालून हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी मला वाहतूक शाखेत पाठवलं. तिथला हवालदार वयाने माझ्या धाकट्या भावाएवढा, गोड बोलणारा. म्हणाला, "ताई, तुम्ही एक करा. त्याला गाडी रस्त्यावर काढायला लावा. रस्त्यावर आली की आम्ही लगेच उचलतो. आवारात असेतो महापालिकेतच विचारा." मी बँकेत आयुष्य काढलं, लोकांना सही जुळत नाही म्हणून परत पाठवण्यात माझाही हात धरणारं कुणी नव्हतं. पण एका खिडकीने दुसरीकडे आणि दुसरीने पुन्हा पहिलीकडे, असा चोख वर्तुळाकार कारभार मलाही जमला नव्हता. शेवटी पुन्हा महापालिकेतून निघताना ती हसणारी मुलगी जिन्यात भेटली. हळूच म्हणाली, "मॅडम, तुमच्या अर्ध्या भागात वाटेच्या तोंडाशी एक लोखंडी खांब रोवा. तुमच्या जागेत खांब रोवायला कुणाची सही लागत नाही. खुर्ची जाईल, टेम्पो येणार नाही."

एवढं सोपं. येताना मी वेल्डरकडे खांब सांगून आले.

संध्याकाळी शेजारी भेटला. मी दारात उभी होते, तो क्रेट उतरवत होता. मी बोट दाखवून म्हटलं, "टेम्पो इथे नको." तो थांबला. मला वाटलं, आता भांडेल, अर्धी वाट माझी आहे म्हणेल, आणि मग माझ्याकडे बरंच काही तयार होतं. तो म्हणाला, "हां काकू." बस. खांद्यावरचं फडकं झटकलं, टेम्पो मागे घेतला आणि बाहेर रस्त्यावर लावला.

ते "हां" ऐकून माझा हात तसाच हवेत राहिला, नाना. कारण ते मी आधी ऐकलं होतं. धुळ्याला, कॉन्व्हेंटच्या फाटकाशी. मी तिसरीत की चौथीत असेन. तुम्ही इंदूरची फेरी करून सरळ शाळेवरच यायचा, मला केबिनमधून उतरवायचा. बाकीच्या मुली रिक्षाने, स्कूटरवर येत, मी आभाळातून उतरत असे. त्या दिवशी सिस्टर फाटकात उभ्या होत्या. पांढरी बाही, लांब बोट. "ट्रक इथे नको." आणि तुम्ही, ज्यांच्याशी नाक्यावर कुणी आवाज चढवत नसे, तुम्ही खाली उतरून म्हणालात, "हां सिस्टर." मीच बोलले. मी म्हटलं, "सिस्टर, फादरांची मोटर तर इथेच उभी राहते." शिक्षा म्हणून प्रार्थनाभर मला वेगळं उभं केलं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही ट्रक लांब कोर्टाच्या भिंतीशी लावू लागलात आणि माझं बोट धरून चालत शाळेपर्यंत येऊ लागलात. मी धुसफुसत होते. तुम्ही म्हणालात, "तोंडले बिरेक लाव, पोरी." पण वाईट वाटलं का, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. मला वाटलं, तुम्ही विसरलात.

बुधवारी संध्याकाळी, माझ्याच दारात, माझंच बोट बघताना मला कळलं की तुम्ही विसरला नव्हता. तुम्हाला वळायला जागा हवी म्हणून ही वाट दहा फुटांची नाही. तुम्हाला तर नाक्याशिवाय ट्रक कुठे उभा करायला आवडत नसे. वास्तुशांतीला एकदाच आत आणलात, झेंडूच्या माळा लावून, आणि खाली उतरून घराकडे न बघता मागे वळून वाटेकडे बघत राहिलात. लेकीच्या दारात तरी कुणी म्हणायला नको, ट्रक इथे नको. त्या मापाने आखलीत. आणि ते वाक्य ह्या दारात पहिल्यांदा कुणी म्हटलं, तर तुमच्या लेकीने, सिस्टरांच्याच चालीत.

पुढचंही सांगते, म्हणजे मी रडगाणं गातेय असं वाटायला नको. दोन दिवस टेम्पो रस्त्यावर राहिला. विजेच्या डीपीजवळ लावला तर लाइनमन ओरडला, पुढे लावला तर दुसऱ्या सकाळी वाहतूकवाल्यांनी चाकाला कुलूप ठोकलं. हवालदार शब्दाला जागला. कुलूप सुटेपर्यंत दुपार झाली. केळी उन्हात. शेजाऱ्याची आई आमच्या पायरीवर येऊन बसली, आणि एवढंच म्हणाली, "केळीला थांब म्हटलेलं कळत नाही बाई." संध्याकाळी तो आला. "काकू, आजच्या दिवस आत लावू? माल पिकून जातो." मी म्हटलं, लाव. त्याच दिवशी सकाळी, चाकाला कुलूप असताना, त्याने ह्यांना उचलून गाडीत बसवलं होतं आणि कुलपाविषयी एक अक्षर काढलं नव्हतं. टेम्पो पुन्हा आत आला आहे. तो म्हणतो, "तुमच्या गाडीच्या वेळेआधी काढत जाईन." काढतोही. ज्या दिवशी बाजारात उशीर होईल त्या दिवशी नाही काढणार, हे मलाही माहीत आहे आणि त्यालाही.

खांब तयार होऊन आला आहे. लाल रंग दिलेला, व्हरांड्याच्या भिंतीला टेकवून ठेवलाय. गवंड्याला अजून बोलावलेलं नाही. खांब रोवला तर हे बाहेर पडतील, पण पायऱ्या उतरवेल कोण? नाही रोवला तर उचलणारा आहे आणि वाट नाही. मुलगी फोनवर म्हणते, आई, घर वीक आणि बंगळुरूला ये. तिच्या इमारतीत म्हणे धंद्याच्या गाड्यांना तळघरातसुद्धा येऊ देत नाहीत. मी म्हटलं, मग तुझ्या आजोबांना कुठे थांबवशील? ती म्हणाली, काहीतरीच काय, आजोबा आता कुठून येणार. शेजाऱ्याची बायको आज खांबाकडे बघत उभी होती. मग म्हणाली, "काकू, दसऱ्याला गाडीच्या पूजेसाठी तुमच्या झेंडूची फुलं घेऊ?" खांब कशाचा, हे तिने विचारलं नाही. मी म्हटलं, घे. दुसरं काय म्हणता आलं असतं?

तेव्हा नाना, वाट तुमची, माप तुमचं, घोळ तुमचा. खांब रोवू की नको, हे तुम्ही सांगायचं. ह्या पत्राला पत्ता नाही आणि ते पेटीत पडणार नाही, पण त्याने तुमची जबाबदारी संपत नाही. एक गोष्ट मात्र उत्तर देण्याआधी तुम्हाला माहीत असावी. पहाटे टेम्पो आत येतो तेव्हा मी पुरती जागी नसते. इंजिनाची घरघर उंबऱ्याशी येऊन थांबते आणि मी उठून आधण ठेवते, एक कप जास्तीचं, तुम्ही फेरीवरून आल्यावर उभ्या उभ्या घ्यायचा तसा. चहा गाळताना भानावर येते. वाया कशाला घालवायचा म्हणून तो कप शेजाऱ्याला देते, आणि त्याला वाटतं मी त्याच्यासाठी करते. मी सांगितलेलं नाही. उत्तर दसऱ्याच्या आत हवं, आणि लेखी. पोस्टकार्ड चालेल. इंदूरहून पाठवायचा तसं "पोचलो, बाकी भेटीत" एवढंच लिहून ह्या वेळी भागायचं नाही.