एका चुलीची अट

प्रिय मावशी,

पाकीट हातात पडल्यावर तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, या मेल्यानं आता कुठली नोटीस धाडली म्हणून. घाबरू नकोस. हे वकिलाचं नाही, माझं आहे. लेकीच्या वहीची पानं फाडून लिहितोय, त्यामुळे मधेच तिनं काढलेला ससा दिसेल. आश्रमशाळेतून लिहायचो, त्यानंतरचं हे पहिलंच पत्र. घरात आपण पावरी बोललो, पण अक्षरं तू मला अंगणवाडीच्या फळ्यावर मराठीतून शिकवलीस, म्हणून मनातलं लिहायला मराठीच हाताशी येते. शिवाय तू फोन उचलत नाहीस.

परवा प्रांतसाहेबांच्या दालनात तू एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीस. नवं लुगडं नेसून, वीरसिंग मामाच्या आडोशाला बसली होतीस. साहेबांनी विचारलं आणि मी म्हणालो, माझी हरकत नाही. माझा वकील असा वळला, जणू मी त्याचीच जमीन देऊन टाकली. बक्षीसपत्र रद्द, घर पुन्हा फुलवंताबाईंच्या, म्हणजे तुझ्या, नावावर. खाली उतरलो आणि समोरच्या गाडीवर दोन प्लेट भजी खाल्ली. वर्षभरात पहिल्यांदा भूक लागली होती. सीमाला फोन करून सांगितलं की घर गेलं, तर ती म्हणते, मग हसताय कशाला?

चार वर्षांपूर्वी रजिस्ट्री ऑफिसबाहेर दस्त लिहिणाऱ्या भटूभाऊच्या टेबलाशी बक्षीसपत्रासाठी बसलो होतो, आठवतं? तू त्याला सांगितलंस, लिही, पवन माझ्यासोबत राहील, आम्ही एका चुलीवर जेवू, तसं नाही झालं तर हा कागद रद्द. भटूभाऊनं चष्मा वर केला, "अशी शर्त कोन लिखस, बाई?" तू म्हणालीस, मी लिहिते. मला राग आला होता, मावशी. आई गेल्यापासून जिनं मला पोराप्रमाणे वाढवलं, तिला माझा भरवसा नाही? तोऱ्यातच म्हणालो, एक काय, दहा अटी घाल. आणि न वाचता सही ठोकली.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग सुरतची नोकरी लागली. आधी दर शनिवारी यायचो, मग महिन्यातून एकदा, मग दिवाळीला. नर्मदाबाईच्या खानावळीतून तुला डबा लावून दिला. वेळेवर गरम जेवण पोचतंय, म्हणजे अट पाळली, असा माझा हिशेब. तू तक्रार केली नाहीस, मीही विचारलं नाही. खरं सांगू? विचारायची भीती वाटत होती.

मग गेल्या उन्हाळ्यात मी शहाणपणा केला. तू धडगावकडे लग्नाला गेली होतीस आणि मला वाटलं, मावशीला चकित करू. ओट्यावर फरशी बसवली, गॅस आणला. मिस्त्रीनं विचारलं, मागच्या चुलीचं काय करू? मी म्हणालो, फोडून टाक, आता कोण धूर खाणार. तुझ्या हातची चूल, दर होळीच्या आधी नव्यानं लिंपायचीस ती. तू आलीस, पाय धुतलेस, त्या फरशीकडे पाहिलंस. चहा छान झालाय म्हणालीस. दुसऱ्या दिवशी तळोद्याच्या स्टँडवरून जीपनं मामाकडे निघून गेलीस. रुसली असेल, चार दिवसांत येईल, असं मी समजलो. तू आली नाहीस, नोटीस आली.

तेव्हा मी काय काय बोललो, ते तुझ्या कानावर आलंच असेल. म्हातारीला कुणीतरी फितवलंय, असं मी गल्लीत उभा राहून म्हणालो. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरं आहे. वकील म्हणाला, काळजी करू नका, डबा म्हणजेही जेवणच, पावत्या आणा, अट पाळली असं दाखवू. म्हणून मी नर्मदाबाईकडे पावत्या मागायला गेलो. तिनं दिल्या, पण देताना म्हणाली, तुझ्या मावशीच्या डब्यातून रोज एक भाकर परत यायची. तिनं तुला विचारलं होतं, भूक नाही का बाई, तर तू म्हणालीस, भूक आहे, पण ती भाकर पवनची आहे.

मामा ऊसतोडीला गेला की आजी त्याची भाकर अशीच बाजूला काढायची. संध्याकाळी ती गाईला घालायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायची. हे मला माहीत होतं, मावशी. खानावळीच्या दारातच मी पावत्या फाडल्या. नर्मदाबाईला वाटलं, याचं डोकं फिरलं.

आता खरं बोलतो. ते घर माझ्या नावावर झालं आणि माझ्या छातीवर बसलं. यायचो तेव्हा आधी भिंतीची ओल बघायचो, मग तुझ्याकडे. एकदा तू मला विचारलंस, पवन, अंगणात मोहाची फुलं वाळत घातली तर चालतील का? स्वतःच्या अंगणात तू भाडेकरूसारखी परवानगी मागत होतीस, आणि मी चालेल म्हणालो. त्या एका शब्दाची लाज मला अजून वाटते. कागद रद्द झाला म्हणून मी हसत होतो ते याचसाठी. आता मी तुझ्याकडे आलो, तर घरासाठी आला असं कुणी म्हणणार नाही. मीसुद्धा म्हणणार नाही.

पाकिटात घराची किल्ली आहे, माझ्याजवळची. ती द्यायलाच हे पत्र लिहिलं. होळीच्या दोन दिवस आधी मी, सीमा आणि लेक असे तिघं येतोय. मामाशी बोललोय, तोवर तू घरी परतलेली असशील; तो डोंगरातली माती आणणार आहे, चिखल मी तुडवीन, चूल तू घाल. मी दार वाजवीन. उघडायचं की नाही, ते तू ठरव, अट कसलीच नाही. पण उघडलंस, तर त्या दिवशी माझी भाकर बाजूला काढू नकोस. मी समोर बसलेला असेन.

तुझाच,
पवन